अंडें: मागील दारच्या चुलीचा इतिहास

आजच्या भाषणाचा विषय जाहीर झाला तेव्हां कांहीं घरांतून यंत्राचा आवाज थोडा वाढविला गेला असेल, आणि कांहीं घरांतून तो हळूच बंदहि केला गेला असेल. त्यांत नवल असें कांहींच नाहीं. अंडें ही वस्तु दिसावयास लहान, भावानें माफक आणि शिजविण्यास अगदीं सोपी. परंतु हिच्याविषयीं आपल्याकडील दोन शेजारी घरांचें, किंबहुना एकाच घरांतील सासूसुनांचें, एकमत होईल अशी खात्री देतां येत नाहीं. एका घरांत ती रोजची न्याहारी असते. दुसऱ्या घरांत तिचें नांवहि स्वयंपाकघरांत काढावयाचें नसतें. आणि तिसऱ्या एका घरांत ती खातात खरी, पण तिच्यासाठीं निराळी कढई, निराळा चमचा आणि मागील दारीं निराळी चूल असते. मला आज या तिसऱ्या घराविषयीं, म्हणजे मागील दारच्या त्या चुलीविषयीं बोलावयाचें आहे. ती चूल तेथें कशी आली हें शोधूं लागलें म्हणजे आपल्या प्रांताच्या इतिहासाचा एक लहानसा पण बोलका तुकडा हातीं लागतो.

या शोधासाठीं आपण फार दूर जाऊं नये. कल्याण सोडून कर्जतच्या दिशेनें निघालेली आगगाडी अंबरनाथ मागें टाकून बदलापुरास येते. त्या गांवालगतच हेंद्रेपाडा नांवाची वस्ती आहे. पाडा म्हणजे चार-दोन घरांची वाडी. आज तेथें इमारती उभ्या राहिल्या आहेत, पण नांवानें मात्र जुनी ओळख टाकलेली नाहीं. बदलापूर या नांवाविषयीं एक आख्यायिका सांगतात. कोंकणांतून घाटावर जाणारे आणि घाटावरून खालीं उतरणारे स्वार येथें थकलेले घोडे बदलीत, म्हणून गांव बदलापूर झालें. आख्यायिका खरी असो वा नसो, तींतील मर्म खरें आहे. हा मुलूख वाटेवरचा आहे. वाटेवर मुक्काम असतो, मुक्कामाला तीन दगडांची चूल असते, आणि त्या चुलीवर काय शिजावें याचे नियम घरच्या चुलीपेक्षां नेहमींच थोडे सैल असतात.

१८५३ सालच्या एप्रिलमध्यें बोरीबंदर ते ठाणें ही आगगाडी सुरू झाली. पुढल्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली आणि १८५६ सालीं बदलापुरावरून खोपोलीपर्यंत गेली. बोरघाटाची चढण मात्र १८६३ पर्यंत लोखंडी रुळांना साधली नव्हती. त्यामुळें मधल्या सात वर्षांत पुण्यास जाणारा उतारू खोपोलीस गाडींतून उतरे आणि पालखीनें, टांगणावरून नाहींतर बैलगाडींतून घाट चढे. अशा प्रवासांत मनुष्य भुकेला होतो, आणि भुकेल्या मनुष्याला झटपट मिळेल, विश्वासानें खातां येईल आणि ज्यांत कोणाला भेसळ करतां येणार नाहीं असें अन्न हवें असतें. निसर्गानें जातीनें मोहोरबंद करून ठेवलेलें असें अन्न एकच आहे. तें म्हणजे अंडें.

परंतु येथें एक प्रश्न उभा राहतो. कोंबडी तर आपल्या गांवगाड्यांत फार पूर्वींपासून आहे. आगरी, कोळी, कुणबी, ठाकूर, कातकरी यांच्या अंगणांत ती रोज दाणे टिपत हिंडते. मग अंडें हें आपल्या खेड्यांतील नित्याचें अन्न कां झालें नाहीं?

कोंबडीचें मूळ आपल्या पूर्वेकडील आहे. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें तांबड्या रानकोंबड्यापासून माणसाळलेली कोंबडी सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं आजच्या थायलंडच्या परिसरांत प्रथम दिसूं लागली. भात आणि भरड धान्यें पिकविणाऱ्या माणसांच्या खळ्यांनीं तिला रानांतून ओढून आणलें, असें हे संशोधक मानतात. मात्र तिच्या घडणींत आपल्या सह्याद्रीचाहि थोडा वांटा आहे. आपल्या डोंगरांत करडा रानकोंबडा पहांटे ओरडतो. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग तिला या करड्या रानकोंबड्याकडून मिळाला, असें २००८ सालच्या आनुवंशिकतेच्या अभ्यासावरून दिसून आलें आहे. अंडें खाण्याचा उल्लेखहि आपल्याकडे नवा नाहीं. चरकसंहितेच्या अन्नपानविधीच्या अध्यायांत हंस, चकोर, कोंबडी, मोर आणि चिमणी यांच्या अंड्यांचे गुण सांगितलेले असून खोकला, हृदयाचे विकार व क्षतें यांत तीं हितकर म्हटलीं आहेत. तेव्हां अंडें हें साहेबानें आणलेलें खाद्य आहे, ही समजूत टिकत नाहीं.

तरीहि खेड्यांतील बाई अंडें सहसा खात नसे, आणि तिला तें खाऊं घालणें परवडतहि नसे. याचें कारण धर्मांत शोधण्यापेक्षां हिशेबांत शोधावें. गावठी कोंबडी दहाबारा अंडीं घालते आणि खुडूक होते. मग ती अंड्यांवर एकवीस दिवस बसणार आणि पुढें पिलांना घेऊन हिंडणार. अशा रीतीनें वर्षाकाठीं तिचीं पन्नास-साठ अंडीं झालीं तर पुष्कळ. त्यांतील कांहीं मुंगूस नेणार, कांहीं नासणार, पिलांपैकीं कांहीं घार उचलणार. उरलेली पिलें म्हणजे त्या बाईची पेठेंतली ठेव. पाहुणा आला, नवस फेडावयाचा झाला, मूल आजारी पडलें, म्हणजे त्या ठेवींतूनच खर्च व्हावयाचा. अशा घरांत आजचें अंडें खाणें म्हणजे उद्यांची कोंबडी खाणें होय. म्हणून तें खुराड्यांतून निघे तें बाजारांत जाण्यासाठीं. बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला एखादें मिळे. धडधाकट माणसाला, आणि त्यांतहि घरच्या लेकीसुनांना, तें क्वचितच मिळे.

बाजारांत तें विकत घेणारा कोण? येथें साहेबाचा प्रवेश होतो. इंग्रजी अमदानींत जिल्ह्याचा कलेक्टर पावसाळा संपला कीं मुलुखगिरीला निघे. राहुट्या, खुर्च्या, दप्तरें, घोडे आणि बबर्ची असा सारा लवाजमा गांवोगांव तळ देत फिरे. ठाणें जिल्ह्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० च्या मे महिन्यांत असेच फिरत असतां माथेरानच्या माथ्यावर चढले आणि तेथून पुढें तें हवा खाण्याचें ठिकाण झालें. या फिरत्या संसाराला ताजें मांस रोज मिळणें कठीण; अंडें मात्र प्रत्येक गांवांत मिळे. इंग्रज गृहिणींसाठीं लिहिलेल्या त्या काळच्या पुस्तकांत याचें प्रतिबिंब पडलेलें आहे. 'वायव्हर्न' या टोपणनांवानें लिहिणाऱ्या कर्नल केनी-हर्बर्ट यांचें पाकशास्त्रावरील मद्रासी पुस्तक १८७८ सालीं निघालें, आणि फ्लोरा ॲनी स्टील व ग्रेस गार्डिनर या दोघींचें हिंदी संसारावरील जाडें पुस्तक १८८८ सालीं. या दुसऱ्या पुस्तकांत कोंबड्या पाळण्याची निगा आणि तळावरचें राहणें या दोन्ही गोष्टींना स्वतंत्र जागा दिलेली आहे.

सडकेवरच्या डाकबंगल्याची कथा याहून गंमतीची आहे. उतारू आगाऊ वर्दी न देतां येई. खानसामा त्याला पाणी देऊन बाहेर जाई. थोड्याच वेळांत अंगणांत कोंबडीची ओरड ऐकूं येई, आणि तासाभरांत तीच कोंबडी ताटांत येई. इंग्रजांनीं या पदार्थाला 'आकस्मिक मृत्यु' असें नांव ठेवलें होतें आणि १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशांत तें नमूदहि झालें आहे. ज्या दिवशीं कोंबडी हातीं लागत नसे, त्या दिवशीं अंडीं कामास येत. फेटलेल्या अंड्यांत कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर चिरून घालण्याची जी रीत आज आपण घरोघर पाहतों, ती युरोपची नव्हे. साहेबाचें आमलेट आपल्या माणसांच्या हातीं आलें, आणि त्यांनीं त्यांत आपला जिन्नस घालून तें आपलें केलें. आपल्या कांहीं घरांतून त्याला 'अंड्याची पोळी' असें जें साधें नांव मिळालें, तें मला फार समर्पक वाटतें. पोळी म्हटली कीं ती आपली झाली.

समुद्राकाठची परंपरा मात्र याहून जुनी आहे. पोर्तुगीज १५१० सालीं गोव्यांत आणि १५३४ सालीं वसईंत आले. त्यांच्या संगतीनें अंडें गोडाच्या पदार्थांत शिरलें. गोव्याचा बेबिंका घ्या. अंड्यांचे पिवळे बलक, नारळाचें दूध, साखर, पीठ आणि तूप यांचें मिश्रण एकेका थरानें ओतावयाचें आणि प्रत्येक थर वरून ठेवलेल्या निखाऱ्यांच्या आंचेनें भाजावयाचा. अंड्याला गोंयकार तांतीं म्हणतात. मुंबईंत पारशी घरांनीं दुसरीच वाट काढली. कांदा-मिरचीवर मऊसर ढवळलेली अकूरी ही त्यांची न्याहारी. आणि भेंडी, बटाटा, टोमॅटो, जें कांहीं शिजलेलें असेल त्यावर अंडीं फोडून, झांकण ठेवून, वाफेवर जमविण्याची 'पर ईडुं' ही त्यांची युक्ति. काटकसरी गृहिणीला ही युक्ति सोन्यासारखी आहे. कालची उरलेली भाजी आणि दोन अंडीं यांवर चार माणसांची न्याहारी होते आणि कोणाला ती शिळवड वाटत नाहीं.

पुढें इराणी आले. मुंबईच्या नाक्यानाक्यावर त्यांचीं संगमरवरी टेबलांचीं दुकानें निघालीं. १९०४ सालीं निघालेलें 'क्यानी आणि कंपनी' आजहि चालू आहे. या दुकानांचें सामाजिक महत्त्व त्यांच्या चहापेक्षां मोठें आहे. तेथें शेजारच्या खुर्चीवर कोण बसला आहे, त्याची जात कोणती, हें कोणी विचारीत नसे. गिरणींतला कामगार, हपिसांतला कारकून आणि महाविद्यालयांतला विद्यार्थी हे तिघेहि एकाच तव्यावरचें आमलेट पावाबरोबर खात. घरीं ज्याच्या आईनें अंडें उंबऱ्याआंत येऊं दिलें नसतें, तो मुलगा येथें तें खाण्यास शिकला आणि घरीं जातांना तोंड धुऊन गेला. म्हणजे पाहा, डाकबंगला काय किंवा इराण्याचें दुकान काय, पांढरपेशा घराला अंडें भेटलें तें घराबाहेर, वाटेवर भेटलें.

मग तें घरांत आलें कसें? तें दुखण्याच्या वाटेनें आलें. क्षयावर रामबाण औषधें निघण्यापूर्वीं डॉक्टरांच्या हातीं मोकळी हवा, विसांवा आणि पौष्टिक अन्न हेच उपाय होते. डॉक्टर सांगत, रोग्याला दूध द्या आणि अंडें द्या. मग घरांत खलबत होई. आजी देवघराकडे पाही. वडील खालीं मान घालून बसत. आणि शेवटीं तडजोड निघे कीं, औषधाला दोष नसतो. मागील दारीं, न्हाणीघराच्या भिंतीला लागून तीन विटा मांडल्या जात. एक जुनें भांडें कायमचें बाजूला काढलें जाई. घरांतली कोणी सून, जिनें जन्मांत अंड्याला हात लावलेला नसे, ती पदर खोंवून पाण्यांत अंडें सोडी आणि घड्याळ पाही. श्रोतेहो, आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासांत सभा आणि ठराव यांची नोंद आहे. पण आजाऱ्यासाठीं आपला सोंवळ्याओंवळ्याचा निर्बंध मुकाट्यानें बाजूला ठेवणाऱ्या या बायकांची नोंद कोणी केली नाहीं.

या वादांत महात्मा गांधींनीं घेतलेली भूमिका जाणून घेण्यासारखी आहे. ते स्वतः अंडें खात नसत. परंतु १९४२ सालीं पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत बंदींत असतां त्यांनीं आरोग्यावर जें छोटें पुस्तक लिहिलें, त्यांत त्यांनीं असा विचार मांडला कीं, ज्या अंड्यांतून पिलूं कधींच निघावयाचें नाहीं तें निर्जीव अंडें, आणि दूध चालणाऱ्या माणसाला असें अंडें चालण्यास हरकत नसावी. व्रत आणि विचार या दोहोंना एकाच मनांत जागा देणें किती कठीण आहे हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या चार ओळींचें मोल कळेल.

आतां इतिहासाची वही थोडा वेळ मिटूं आणि चुलीजवळ बसूं. अंडें शिजतें म्हणजे काय होतें? अंड्यांतील प्रथिनें, जीं आधीं गुंडाळलेल्या दोऱ्यासारखीं असतात, तीं उष्णतेनें उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांची जाळी होते. पांढरा बलक सुमारें ६२ अंश शतमानावर जमूं लागतो, पिवळा सुमारें ६५ ते ७० अंशांवर. पाणी तर १०० अंशांवर उकळतें. म्हणजे अंड्याला खळखळाटाची गरज नाहीं. मंद आंच पुरे. पाणी उकळल्यावर अंडें अलगद सोडावें आणि आंच कमी करावी. सहा मिनिटांत पिवळा बलक वाहता राहतो, आठनऊ मिनिटांत मऊ होतो, अकराबारा मिनिटांत पुरता घट्ट होतो. त्याहून अधिक ठेवलें तर बलकाभोंवतीं हिरवट कडें उमटतें. अनेकांना वाटतें कीं तें अंडें नासकें. तसें नाहीं. पांढऱ्या बलकांतील गंधक आणि पिवळ्या बलकांतील लोह यांच्या संयोगानें तें कडें बनतें. घड्याळ पाहिलें आणि उकडलेलें अंडें लगेच गार पाण्यांत टाकलें म्हणजे तें टळतें.

दुसरी एक तक्रार सर्वत्र ऐकूं येते. उकडलेलें अंडें सोलतांना कवचाबरोबर निम्मा पांढरा बलक निघून येतो. याला उपाय म्हणून गृहिणी अगदीं ताजीं अंडीं आणवितात, आणि तेथेंच चुकतात. अंडें जसजसें जुनें होतें, तसतसा त्यांतील कार्बनी वायु कवचाच्या छिद्रांतून निघून जातो, बलकांतील आम्लता उतरते आणि आंतला पापुद्रा सैल होतो. म्हणून उकडण्यास चारसहा दिवसांचें अंडें घ्यावें. ताजें अंडें तव्यासाठीं ठेवावें. ताजेपणाची परीक्षा सोपी आहे. पाण्यांत टाकलेलें ताजें अंडें तळाशीं आडवें पडतें, जुनें उभें राहतें, आणि जें वर तरंगतें तें टाकून द्यावें.

आमलेटाला तवा चांगला तापलेला हवा आणि हात चपळ हवा; भुर्जीला उलट मंद आंच हवी आणि हातांत सबूर हवी. भुर्जी तव्यावर थोडी ओलसर असतांनाच खालीं उतरवावी, कारण उतरविल्यावरहि ती आपल्या उष्णतेनें शिजत राहते. रश्श्यासाठीं अंडीं उकडून सोडण्यापेक्षां, खोबरें-कांद्याचें वाटण घालून रस्सा मंद उकळूं लागला कीं त्यांतच एकेक अंडें फोडून सोडावें, ढवळूं नये, आणि झांकण ठेवून पांचसहा मिनिटें थांबावें. रस्सा बलकांत शिरतो आणि बलक रश्श्याला दाटपणा देतो. लहान मुलें, म्हातारीं माणसें आणि गर्भिणी यांना मात्र अर्धकच्चें अंडें देऊं नये, पुरतें शिजवून द्यावें. जुने लोक कच्चें अंडें दुधांत फेटून देत. तें आज कोणी करूं नये.

आतां रानांतली चूल. बदलापूर-वांगणीच्या बाजूस चंदेरीचा सुळका उभा आहे आणि शनिवार-रविवारीं पाठीवर पिशव्या घेतलेलीं तरुण मुलें त्या वाटेला लागलेलीं दिसतात. अशांनीं अंडीं डब्यांत रव्यांत किंवा तांदळांत रोंवून न्यावीं. फुटत नाहींत, आणि रवा-तांदूळहि कामास येतात. उंचावर गेलें म्हणजे पाणी कमी उष्णतेला उकळतें. तीनशे मीटर चढलें कीं उकळबिंदु सुमारें एक अंश उतरतो. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. तेथें पाणी सुमारें ९५ अंशांवर उकळतें, म्हणून अंड्याला एकदोन मिनिटें अधिक द्यावीं. फार उंचावर अंडें उकडतच नाहीं असें जें सांगतात, तें मात्र पुरतें खरें नव्हे. एव्हरेस्टच्या माथ्यावर पाणी सुमारें ७० अंशांवर उकळतें. वेळ फार लागेल, पण तेवढ्या उष्णतेंतहि अंडें जमूं शकतें.

भांडेंच नसेल तर? अंड्याच्या रुंद टोंकाला सुईनें बारीक छिद्र पाडावें आणि तें गरम राखेंत पुरावें, धगधगत्या निखाऱ्यांत नव्हे. छिद्र नसेल तर आंतल्या वाफेनें तें फुटून अंगावर उडतें. अर्ध्या संत्र्याच्या रिकाम्या सालीची वाटी करून तींत अंडें फोडून निखाऱ्यांच्या कडेला ठेवलें तरी तें उत्तम जमतें. केळीच्या पानांत गुंडाळून राखेंत भाजण्याची रीतहि आहे. येवढें मात्र ध्यानांत ठेवावें कीं, रानांतल्या पांखरांचीं अंडीं हीं आपलीं नव्हेत. १९७२ सालच्या वन्यजीव कायद्यानें तीं उचलण्यास बंदी आहे. आणि निघतांना विस्तव पाण्यानें पुरता विझवून निघावें.

परंतु रानांतल्या स्वयंपाकांत खरी अजोड अशी जी विद्या आहे, ती कोण्या साहेबाच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. तिचें नांव पोपटी. रायगड आणि त्याला लागून असलेल्या ठाणें जिल्ह्यांतील शेतकरी, विशेषतः आगरी मंडळी, थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा भरल्या कीं हा बेत करतात. मातीचें मडकें घ्यावयाचें. त्याच्या तळाशीं भांबुर्ड्याचा पाला. त्यावर वालाच्या शेंगा, जाडें मीठ, ओंवा; मग बटाटे, रताळीं, आणि मधोमध कवचासकट अख्खीं अंडीं; कोणी मसाला लावलेली कोंबडीहि केळीच्या पानांत गुंडाळून घालतो. पुन्हां शेंगा, पुन्हां पाला, आणि मडक्याचें तोंड पाल्यानेंच घट्ट बंद. मडकें शेतांत उलटें मांडावयाचें आणि भोंवतीं पेंढा, काटक्या, गोंवऱ्या रचून आग द्यावयाची. पाण्याचा थेंब नाहीं, तेलाचा थेंब नाहीं. ओल्या शेंगांचीच वाफ होते आणि त्या वाफेंत सारें शिजतें. अर्ध्या तासानें मडक्यावर पाणी शिंपडतात; तें चर्रकन् उडून गेलें कीं पोपटी झाली. त्या अंड्याला पाल्याचा आणि धुराचा जो वास येतो, तो कोणत्याहि शहरी तव्यावर यावयाचा नाहीं.

या पोपटींत मला इतिहासाच्या दृष्टीनें एक गोष्ट मोठी वाटते. जो शेतकरी वर्षभर अंडें विकतो, तो येथें तें स्वतः खातो. मडकें फोडतांना भोंवतीं पोरेंटोरें, गडीमाणसें, आलेगेले सारे बसलेले असतात आणि शेंगांच्या ढिगांतून प्रत्येकाच्या हातीं एक अंडें येतें. वर्षांतून एकदां कां होईना, उद्यांच्या कोंबडीचा हिशेब तेथें मिटलेला असतो.

तो हिशेब पुढें खरोखरच बदलला. वर्षाला तीनशेंच्या आसपास अंडीं देणाऱ्या कोंबड्या आल्या आणि त्या खुडूक बसेनाशा झाल्या. १९८२ सालीं डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानें अंडीं पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची राष्ट्रीय समन्वय समिति स्थापन झाली, आणि दलालानें ठरविलेल्या भावाऐवजीं उत्पादकानें आपला भाव जाहीर करावा ही प्रथा पडली. १९५०-५१ सालीं आपल्या देशांत दरडोई वर्षाला अवघीं ५ अंडीं येत. २०२३-२४ सालीं तीं १०३ झालीं. म्हणजे आतां अंडें खाणाऱ्याला कोंबडीची ठेव मोडावी लागत नाहीं.

तरीहि मागील दारची ती चूल विझलेली नाहीं. ती आतां घरांतून उठून शाळेच्या पटांगणांत गेली आहे. महाराष्ट्र सरकारनें नोव्हेंबर १९२३ नव्हे, श्रोतेहो, अगदीं अलीकडे, नोव्हेंबर २०२३ मध्यें शाळेंतील मुलांना मध्यान्ह भोजनांत आठवड्यांतून एकदां अंडें, आणि जीं खात नाहींत त्यांना केळें, देण्याचें ठरविलें. त्यावर कांहींनीं आक्षेप घेतला. जानेवारी २०२५ मध्यें सरकारनें त्यासाठींचा पैसा थांबविला, आणि ज्या शाळांना द्यावयाचें असेल त्यांनीं लोकवर्गणींतून द्यावें असें सांगितलें. मुद्दाम शंभर वर्षांपूर्वींचें साल माझ्या तोंडीं आलें, कारण तो वाद शंभर वर्षांपूर्वींच्या माजघरांतल्या खलबतासारखाच मला ऐकूं आला.

ज्यांच्या घरीं अंडें चालत नाहीं, त्यांच्या श्रद्धेचा मान राखला पाहिजे, याविषयीं माझ्या मनांत संदेह नाहीं. कोणाच्याहि पानांत त्याच्या मनाविरुद्ध कांहीं वाढणें हा अन्नाचा अपमान आहे. परंतु एका अंड्यांत सुमारें सहा ग्रॅम उत्तम प्रथिन असतें, आणि पाड्यावरच्या ज्या मुलाच्या घरीं तें खाण्यास कोणाची हरकत नाहीं, फक्त तें विकत घेण्याची ऐपत नाहीं, त्या मुलाच्या पानांतून तें उचलतांना आपण कोणाची श्रद्धा राखीत असतों, हा प्रश्न मला पडतो. एकाला केळें आणि एकाला अंडें, आणि दोघांची पंगत एक, हें जमण्यासारखें होतें. इराण्याच्या टेबलावर तें जमलें होतें. पोपटीच्या मडक्याभोंवतीं तें आजहि जमतें.

आजाऱ्या मुलासाठीं मागील दारीं तीन विटा मांडणाऱ्या त्या सुनेनें शास्त्राचा निकाल लागण्याची वाट पाहिली नव्हती. तिनें मुलाचा चेहरा पाहिला आणि पाणी ठेवलें. आपल्यालाहि निर्णय करतांना तेवढेंच पाहतां आलें, तर मला वाटतें, ती चूल हळूहळू मागील दारांतून पुढें येईल, आणि कोणाच्याहि घराचा उंबरा त्यानें विटाळणार नाहीं.